वाजला की खाली

मी एक जुना भोंगा आहे. सध्या मुक्काम अग्निशमन केंद्राच्या मागच्या आवारात, गंजलेल्या पाइपांच्या ढिगावर. माझ्या घशात चिमण्यांनी घरटं केलंय आणि माझी तुटलेली वायर गवतात लोंबतेय. पण मित्रांनो, हळहळू नका. ज्याचा आवाज कानावर पडू नये म्हणून लोक देवाची करुणा भाकतात, असा मी होतो. असं भाग्य किती जणांना मिळतं?

माझा जन्म इथला नव्हे. दूर उत्तरेला, मोठ्या सरोवरांच्या राज्यात मला ओतलं, ठोकलं आणि पिवळाधमक रंग दिला. त्या काळी माणसांना शत्रूच्या विमानांची धास्ती होती. मला एका गावच्या कचेरीच्या छपरावर चढवलं आणि बजावलं, विमानं दिसली की बोंब मार. विमानं काही आली नाहीत. लोकांची भीती जुनी झाली, तिच्याबरोबर मीही जुना झालो आणि एके दिवशी मला दोरखंडानं ट्रकला बांधून ओक्लाहोमात, हॅस्कर नावाच्या गावी धाडून दिलं.

म्हणजे मीसुद्धा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवलेलाच की. हॅस्करच्या टेकाडावर, पाण्याच्या टाकीशेजारी, उंच खांबावर मला उभं केलं तेव्हा मला काहीएक कळत नव्हतं. मी आपला वर बघत बसलो. मग एका वसंतात समजलं की इथं वर बघून उपयोग नाही. इथं मरण नैऋत्येकडून येतं, गरगरत्या वादळाच्या रूपानं, जमिनीवरून चालत, सोंड हलवत. नव्या राज्यात पाऊल टाकलं की दूधवाला कोण, शाळा कुठं, हे सगळं मागाहून विचारावं. आधी विचारावं, इथं मरण कुठल्या बाजूनं येतं आणि आलं की पळायचं कुठं.

त्या वसंतात मी असा काही ओरडलो की गाव क्षणात अंगणातल्या तळघरांत उतरलं. इथं घराइतकंच तळघर महत्त्वाचं. जमिनीत खोदलेली खोली आणि वर लोखंडी झडप. वादळानं कापसाची गिरणी उचलून नेली, माणूस मात्र एकही गेला नाही. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी देवाच्या पाठोपाठ माझे आभार मानले. शाळेतल्या मुलांनी माझ्या खांबाला कागदी फिती बांधल्या. मी कितीतरी दिवस फुगून होतो.

पण कौतुकाला गंज लवकर चढतो. दर शनिवारी दुपारी बाराला मला वाजवून बघायची इथं रीत होती. हळूहळू माझी दहशत गेली आणि माझं घड्याळ झालं. माझ्या आवाजावर बायका घेवड्याचं पातेलं चुलीवरून उतरवत, कुत्री सूर लावत, पोरं म्हणत, "म्हातारा रडला, चला जेवायला." रंग उडाला, तो कुणी पुन्हा दिला नाही.

अशात एका एप्रिलमध्ये टेकाडाखालच्या रिकाम्या घरापुढे सामानाचा ट्रक थांबला. गाडीची नंबराची पाटी ओरेगॉन राज्याची. ऐन समुद्रकाठच्या गावातली ही माणसं. आई जॉर्जिना, जिल्ह्याच्या इस्पितळात नर्सची नोकरी मिळाली म्हणून आलेली. तिची मुलगी कोरा, सातवीतली. आणि कोराचे आजोबा अँब्रोज, जन्मभर मासेमारी केलेले, आता एका खुब्यानं अधू.

शेजारच्या वांडा टिल्मनबाई लगेच पीचचा पाय, म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन हजर. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई. गावातलं अर्धंअधिक माणूस लहानपणी तिच्या बसमधून, तिचा ओरडा खात शाळेत गेलेलं. पायरीवर बैठक मारून तिनं नव्या बिऱ्हाडाला शहाणं करायला घेतलं.

"गाडीची पाटी आधी बदला. इथले पोलीस बाहेरची पाटी मैलावरून हुंगतात."

"बदलते," जॉर्जिना म्हणाली.

"गाडी चालवायचा परवानाही. आणि पोरीच्या लसींचा दाखला शाळेत द्या, नाहीतर दारातून परत पाठवतील. गवतातून आलात की पोटऱ्या तपासा, गोचिडी असतात. उन्हाळ्यात घराच्या पायाला पाणी घाला."

"घराला पाणी?" अँब्रोज म्हणाला. "उगवतं का काय ते?"

"माती आकसते, दर्यावर्दी. भिंती तडकतात. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

"रडायला पाणी लागतं, मिस वांडा. तुमच्या राज्यात ते बादलीतच दिसलं मला."

"उत्तरेला धरण आहे की आमचं. एवढं मोठं."

"त्याला आमच्याकडे डबकं म्हणतात."

वांडा खोखो हसली. मी वरून ऐकत होतो आणि वाट बघत होतो. आता सांगेल, मग सांगेल. तिनं हिवाळ्यातल्या बर्फाळ रस्त्यांचं सांगितलं, भेंडी कुणाच्या दुकानातली घ्यावी तेही सांगितलं. माझ्याविषयी अवाक्षर नाही.

शनिवारी दुपारी मी नेहमीसारखा वाजलो. खाली कोरानं ताडकन उठून बूट चढवले आणि आजोबांचा हात धरला. वांडा आपल्या ओसरीवरून ओरडली, "बस गं बाई. शनिवार आहे. नुसता बघतात वाजवून."

"आणि खरा वाजला तर, मिस वांडा?"

"खरा वाजला की कळतं. पोटात कळतं."

"तुमच्या पोटात कळत असेल," अँब्रोज म्हणाला. "आमच्या पोटात अजून मासे आहेत."

पुन्हा हसणं झालं आणि गोष्ट तिथंच राहिली. वांडा वाईट नव्हती हो. रांगायला लागायच्या आधी ती तळघरात उतरलेली होती. भोंगा वाजला की खाली जायचं, हे कुणाला सांगावं लागतं, असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. तिनं आपल्या तळघरात अँब्रोजसाठी गादीची खुर्चीसुद्धा नेऊन ठेवली होती. ठेवली, पण सांगितलं नाही. जे सगळ्यांना ठाऊक असतं, ते कुणीच सांगत नाही.

आणि ओरेगॉनच्या त्या किनाऱ्यावर, मित्रांनो, माझ्यासारखाच एक भोंगा आहे. तो वाजतो तेव्हा समुद्र गावात येत असतो. तिथल्या पोरांना बालवाडीपासून एकच शिकवतात, वाजला की वर. टेकडी गाठायची, मागं बघायचं नाही. अँब्रोजचा धाकटा भाऊ नाव सोडवायला म्हणून क्षणभर थांबला होता. तो सापडलाच नाही. तेव्हापासून त्या घरात एक म्हण होती. आधी पाय, मग डोकं.

मे महिना लागला. एका गुरुवारी सकाळपासून हवा अंगाला चिकटत होती. दुपारनंतर वारा पडला. माझ्या खांबावर बसणारे पारवे एकाएकी उडाले आणि परतले नाहीत. गुरं कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकांना अंग लावून उभी राहिली. नैऋत्येचं आकाश जुन्या मुक्या मारासारखं हिरवं पडलं. जॉर्जिना कामावर होती. घरात टीव्ही चालू होता आणि त्यावरचा माणूस बेलनॅप, बेलनॅप असं घोकत होता.

"हे बेलनॅप कुठं आलं, आजोबा?" कोराचा आवाज उघड्या खिडकीतून आला.

"असेल कुठंतरी. आपलं हॅस्कर."

बेलनॅप आमच्या जिल्ह्याचं नाव. इथं वादळाची खबर जिल्ह्याच्या नावानं देतात. हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग खाली अग्निशमन केंद्रात कुणीतरी बटण दाबलं आणि मी घसा फाडून ओरडलो.

गावभर झडपा उघडल्या आणि धडाधड लागल्या. एक दार मात्र उघडलं ते रस्त्याच्या बाजूला. कोरा आणि अँब्रोज बाहेर आले. म्हाताऱ्यानं उत्तरेकडे बोट दाखवलं. "धरण," तो म्हणाला. "फुटलं असणार. चल पोरी, वर." आणि दोघं टेकाड चढायला लागले. माझ्याकडे.

तुम्हीच विचार करा माझी काय अवस्था झाली असेल. उघडं टेकाड, ना झाड ना भिंत, आणि पलीकडून पावसाच्या पडद्याआड ती सोंड येत होती. नैऋत्येला काळी भिंत उभी राहिलेली त्यांनाही दिसली. पण अँब्रोजनं आयुष्यात भिंत चालून येताना पाहिली होती ती पाण्याचीच. ती दिसल्यावर तो खुबा विसरून चढू लागला. मी ओरडत होतो, जा, खाली जा. मला शब्द कुठले? माझ्याकडे एकच सूर. मी जितका मोठ्यानं रडे, तितके ते जोरात माझ्याकडे येत.

वांडा तळघराच्या तोंडाशी त्यांची वाट बघत उभी होती. तिनं टेकाडाकडे पाहिलं आणि झडप तशीच टाकून पिकअपकडे धावली. अर्ध्या चढावर गाडी खड्ड्यात रुतली. ती उतरली, हात हलवू लागली, खाली, खाली. कोराला वाटलं, बिचारी थकली, चढवत नाही तिला. तीही हात हलवू लागली, वर या, मिस वांडा, वर या. एक बाई खाली बोलावतेय, एक पोर वर बोलावतेय आणि दोघींचे शब्द माझ्या आवाजात बुडालेले.

जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपला घसा बसावा.

आणि तो बसला. कुठंतरी विजेची तार तुटली. माझा सूर घरंगळत खाली आला आणि थांबला. त्या शांततेत मालगाडीसारखी एक घरघर उरली होती. कोरा जागीच उभी राहिली. समुद्राचा आवाज असा नसतो, हे तिला ठाऊक होतं. आणि मग तिला तो ऐकू आला, अर्ध्या गावानं लहानपणी ऐकलेला वांडाचा ओरडा.

"पोरी, जमिनीत. जमिनीत जायचं असतं इथं. वारा आहे तो, पाणी नाही."

कोरानं आजोबांना ओढलं. म्हातारा घुटमळला, "वर, कोरा, वर," असं पुटपुटत राहिला. तिनं त्याचा हात सोडला नाही. आयुष्यभराची शिकवण पाठीवर घेऊन ती उतारावरून धावली. रस्त्याखाली पावसाच्या पाण्याची मोरी होती. वांडानं आधी अँब्रोजला आत ढकललं, मग कोराला, आणि स्वतः तोंडाशी आडवी झाली. त्यानंतरचं मला माहीत नाही. माझा खांब वाकला आणि मी गेलो.

सकाळी मी एका शेतात पडलो होतो. माणसं हाका मारत फिरत होती. कोराचं घर नव्हतं, वांडाचंही नव्हतं. त्या तिघांना मोरीतून काढलं तेव्हा तिघंही श्वास घेत होते. वांडाचा डावा हात मात्र कोपरापासून गेला. स्ट्रेचरवरून नेताना तिला मी ऐकलं. ती कोराला म्हणत होती, "मी तुला गोचिडी सांगितल्या गं. घराला पाणी घाल म्हणून सांगितलं."

कोरानं तिच्या तोंडावरची माती पुसली.

गिरणीच्या रस्त्याला आणखी एक नवं जोडपं होतं, महिन्यापूर्वी आलेलं. त्यांची गाडी टेकाडाच्या पलीकडच्या ओढ्यात सापडली. त्यांना कुणी बोलवायला गेलं नव्हतं, कारण त्यांना कुणी ओळखतच नव्हतं. त्यांची नावं गावाला थडग्याच्या दगडावरून कळली.

त्यानंतर गावात सामानाचा कुठलाही ट्रक आला की खाट उतरायच्या आधी कोरा आणि वांडा फाटकात उभ्या असत. पीचचा पाय नाही, नमस्कार नाही. "वाजला की खाली. तळघर ते तिकडे. जिल्हा बेलनॅप. पाठ म्हणून दाखवा, मग आत येतो." लोक हसत. हसू दे, वांडा म्हणायची, पण म्हणून दाखवा.

टेकाडावर आता नवा भोंगा आहे. चकचकीत आहे, आवाजही माझ्यापेक्षा मोठा आहे. पण शब्द त्यालाही फुटत नाहीत. त्याला रंग द्या, त्याची तार तपासा, त्याच्या शनिवारच्या रडण्याला हसा हवं तर. पण मित्रांनो, भोंग्याची निगा म्हणजे नुसतं तेलपाणी नव्हे. त्याचा अर्थ नव्या माणसाच्या कानात घालणं, हीच त्याची खरी निगा.

कोरा आता दूरच्या शहरात शिकते. वांडा अंथरुणाला खिळलीय. आज सकाळपासून वारा पडलाय, आणि माझ्या घशातल्या चिमण्या मघाशीच उडून गेल्या. आवारासमोरच्या घरापुढे एक ट्रक थांबलाय, पाटी कुठल्या तरी लांबच्या राज्याची. एक बाई पाळणा उतरवतेय आणि आकाशाकडे बघून नवऱ्याला म्हणतेय, "किती सुंदर हिरवा रंग आहे ना?"

कुणीतरी जा तिच्याकडे. मला जाता येत नाही.