पावत्यांमागची पावलं

पोटगीची फाइल बंद करायची तर सगळ्या मूळ पावत्या जमा करा, असं खिडकीतल्या कारकूनबाईंनी सांगितलं आणि बूटवाल्याने हातातला पावत्यांचा गठ्ठा पाठीमागे नेला. लेक अठरा वर्षांची झाली, कोर्टाचा हुकूम संपला, इथवर ठीक होतं. पण पावत्या त्याला द्यायच्याच नव्हत्या.

चूक त्याचीच. नवरा-बायको वेगळे झाले तेव्हा लेक पाच वर्षांची होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याने खिडकीत पैसे भरायचे आणि आईने ते उचलायचे. हा बूट शिवणारा. लेकीचे बूट पोटगीत धरा म्हणाला, तर वस्तू चालत नाहीत असं उत्तर मिळालं. मग बूट पोटगीच्या वर, बापाच्या खुशीने. पहिल्याच सोमवारी मापाला कागद नव्हता, म्हणून त्याने पावती उलटी केली आणि तिचं पाऊल पेन्सिलीने आखलं. गुदगुल्यांनी पोरगी अशी खिदळली की अख्खी रांग वळून बघायला लागली. आई पाठ फिरवून उभी होती, पण हसू दाबताना तिचेही खांदे हलत होते. मग तो रिवाजच पडला. काय सोमवार होते ते! लोक कोर्टात तोंड पाडून जातात, हा पठ्ठ्या दाढी करून जायचा.

पावत्या नसतील तर बाकी निघेल, नाहीतर समोरच्या पक्षाचं लेखी आणा, असं कारकूनबाईंनी बजावलं. समोरचा पक्ष लेकीसोबत बाकावरच बसला होता. तेरा वर्षांत दोघं "आलात?" आणि "हो" यापलीकडे बोलले नव्हते.

लेकीची आई उठून आली. त्याच्या हातातला गठ्ठा घेऊन एकेक पाऊल बघत राहिली. वाढत गेलेली पावलं शेवटच्या तीन वर्षांत तेवढ्यास तेवढी होती. मग सगळं मिळालं असं तिने लिहून दिलं आणि गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

"पाऊल कधीच वाढायचं थांबलं होतं," तो ओशाळून म्हणाला. "मापाची गरज नव्हती."

"माहीत होतं मला." तिने पर्समधून घडी पडलेला, पिवळट कागद काढला. पोटगी परस्पर बँकेत जमा करून घ्यायचा अर्ज होता तो, पहिल्या वर्षीचा, कोराच. तिने तो उलटा करून त्याच्यापुढे धरला. "घ्या. आज पावती मिळणार नाही."

लेकीने तोवर उजवा बूट काढला होता.