जिराफाची मान

उद्या भाचीचं शाळेत नाटक, आणि मावशीने शिवलेल्या जिराफाची मान काही केल्या उभी राहीना. “मी हत्तीलाही झबलं शिवून देईन,” असं ऐटीत सांगणाऱ्या मावशीचं नाक कापलं जायची वेळ आली. तिने कापूस भरलेल्या ढीगभर उशा एकावर एक जोडल्या होत्या, पण मान पेंगुळलेल्या पाहुण्यासारखी खांद्यावर कलंडायची.

“मावशी, उशांचे इतके मणके कशाला?” भाचीने विचारलं. “जिराफाच्या मानेत सातच असतात, आपल्याइतकेच. फक्त खूप लांब.”

“थापा मारायचं काम माझं आहे. तू कशाला त्यात पडतेस?”

“थाप नाही गं. तोही सस्तन प्राणी, आपणही. आईचं दूध पिऊन वाढणारे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मानेत सातच मणके.”

मावशीने स्वतःची मान चाचपली, सगळं उसवलं आणि सात लांबट उशा ठासून भरल्या. मान उभी राहिली ती थेट पंख्याला भिडली.

नाटक संपल्यावर एक बाई म्हणाल्या, “काय झकास मान बेतलीत हो.”

“मी नुसती शिवली,” मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “बेतली आमच्या भाचीने. तुमच्याही मानेत सातच मणके आहेत, तिला विचारा हवं तर.”