चाखलेलं मणगणं

माणसाचे हात नावाजतात, गळा नावाजतात. जयरामची जीभ नावाजलेली होती. धारगळच्या हमरस्त्यापासून आत, काजूच्या बागांतून जाणाऱ्या वाटेच्या टोकाला त्याची वाडी. तिथला हा पोरगा म्हापशाच्या हॉटेलात कपबश्या विसळता विसळता पर्यटकांच्या भल्यामोठ्या जहाजावर गोडाच्या खात्यात जाऊन पोचला, तो ह्या जिभेच्या जोरावर.

वाडीला वाटे, जहाजावरचं गोड म्हणजे इंद्राच्या पंगतीतलं. जयराम रजेवर आला की त्याच्या मोबाइलमधले फोटो घरोघर फिरत. साखरेचे हंस, चॉकलेटचा धबधबा, माणसाच्या उंचीचा केक. तो फोटो दाखवी आणि खरं काय ते पोटात ठेवी. खरं असं की ते सगळं दिसायला राणी आणि चवीला पाणी. पिठं पोत्यांतून यायची, मलई डब्यांतून. जगभरची माणसं एका पंगतीला बसवायची तर कुणाला फार गोड लागता कामा नये आणि कुणाला कमीही लागता कामा नये. असं सगळ्यांना चालेलसं करता करता ते कुणालाच आवडेनासं होई. लोक फोटो काढत, दोन घास खात आणि बाकीचं तसंच टाकून उठत.

त्यातल्या त्यात जे खाण्याजोगं निघे, ते जयराममुळे. ऑस्ट्रियाचा एक म्हातारा शेफ त्याचा वरिष्ठ होता. चाखल्याशिवाय एकही ट्रे बाहेर जायचा नाही हा त्याचा दंडक, आणि चाखायचं काम त्यानं जयरामवर सोपवलेलं. ट्रे समोर आला की चमचा आत, थेंब जिभेवर, चमचा कचऱ्यात. साखर कमी आहे, मीठ विसरलात, लिंबू पिळा. दिवसभर हेच, आणि वर्षानुवर्षं हेच. पुढेपुढे तर हात जयरामला न विचारताच तोंडाकडे जाऊ लागला.

वाडीतला रिवाज नेमका ह्याच्या उलटा. देवीच्या मोठ्या दिवशी मणगण्याचा नैवेद्य असतो. चण्याची डाळ, साबुदाणा, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ. हे मणगणं शिजवायचा मान जयरामच्या घरात त्याच्या पणजीपासून चालत आलेला. मानात मिळत काहीच नाही. फक्त त्या दिवशी सगळी वाडी तुमच्या हातचं खाते, एवढंच. पण नियम कडक. देवीपुढे पान ठेवीपर्यंत मणगणं कुणीही चाखायचं नाही. थेंबभर जरी कुणाच्या जिभेला लागलं तरी सगळं भाण, म्हणजे ते अख्खं भांडं, उष्टं.

जयरामची आई सुमंगला नवी नवरी होती तेव्हापासून हे मणगणं करत आलेली, तेही निव्वळ अंदाजानं. ते कधी बिघडलं नाही. मुलगा समुद्रावर गेला, शेत दुसऱ्यानं कसायला घेतलं, सून मिळाली ती म्हापशाची, तिला चुलीचा धूर सोसेना. म्हातारीचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. वर्षभर ती कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्या दिवशी देवळात तिची मान ताठ असे.

त्या साली मात्र तिचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, ढवळायचा दवला फिरेना. देवस्थानचा कारभार बघणारे बाबाजी भले माणूस. ते घरी आले, चहा घेतला आणि अंगणातल्या तुळशीकडे बघत हळूच म्हणाले, "वयनी, ह्या वरसा म्हापशाच्या केटररक सांगूया? सोवळ्यात करून देता तो."

"माझो झील येता," सुमंगला म्हणाली. "साऱ्या जगाक गोड करून घालता तो. देवीक घालूक काय झाला?"

"बरां तर. पण मान फुडे खंय ऱ्हवाचो, ह्यासाठी कौल लावया. देवीच सांगांदे."

कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. त्यावर अपील नाही. बाबाजी गेल्यावर सुमंगलेनं फोनवर मुलाला एवढंच सांगितलं, "रजा घेवन ये. मान गेलो तर माझ्याकडे काय ऱ्हवला रे?"

जयराम आला. बायको प्राजक्ता बाळंतपणासाठी माहेरी होती, तेव्हा घरात मायलेक दोघंच. त्या दिवशी पहाटे न्हाऊन, सोवळं नेसून तो देवळामागच्या रांधणीत चुलीपुढे बसला. आई दारात पाटावर बसून डोळ्यांनी रांधत होती. आता डाळ ढवळ, आता साबुदाणा सोड, जाळ मागे ओढ. गूळ तिनं आदल्या दिवशी डाव्या हातानंच फोडून पुरचुंड्यांत बांधून आणला होता. "सगळो घाल," ती म्हणाली. त्यानं सगळा घातला. शेवटी नारळाचा दाट रस पडला, वेलची पडली. बाहेर भटजींनी घंटा वाजवून घाई केली, तशी आई उठून त्यांना "झालाच" असं सांगायला गेली.

भाण उतरवायचं तेवढं राहिलं होतं. जहाजाच्या हिशेबात म्हणायचं तर ट्रे समोर आला होता. जयरामनं दवल्यातला थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

घशाखाली उतरल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. सगळं भाण उष्टं झालं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे जिभेनं आपलं काम चोख केलं होतं. मणगणं फिकं होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलंच फिकं.

खरं तर तिथंच बाहेर येऊन सांगायचं. देवी काही खाऊन टाकत नव्हती. पण पुन्हा इतके नारळ कधी खवणार, भटजी ताटकळलेले, बाबाजींच्या मनात तो केटरर, आणि संध्याकाळी कौल. शहाणा माणूस अशा वेळी एक चूक करून थांबतो. जयराम थांबला नाही. उष्टं तर झालंच आहे, निदान फिकं तरी नको, असं म्हणत त्यानं कोनाड्यातली देवळाची गुळाची ढेप फोडून भाणात घातली आणि विरघळेपर्यंत ढवळत राहिला. आई परत आली तेव्हा भाण खाली उतरलेलं होतं. तो काही बोलला नाही.

नैवेद्य झाला. पंगत बसली. असं मणगणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं म्हणे. बाबाजींनी तीनदा मागून घेतलं, आणि ज्यांना साखरेचा विकार होता त्यांनीही डॉक्टरला एक दिवस सुट्टी दिली. जयराम वाढत होता आणि ज्याच्या पानात वाढेल त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं त्याला. ह्या सगळ्यांना मी माझं उष्टं घालतोय, देवीला घातलं आणि आता ह्यांना, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. सुमंगलेनं पहिला घास तोंडात घातला आणि ती एकदम थांबली. त्याच्याकडे बघितलं, भाणाकडे बघितलं. कळलं हिला, असं त्याला वाटलं. पण ती खाली मान घालून जेवत राहिली.

दिवस कलताना कौल लावला. भटजींनी पाकळ्या लावल्या, बाबाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवी माते, आज तुझ्या लेकरांनी तुका गोडाधोडाचो नैवेद्य दाखवल्यानी, तो मान्य करून घे. काय चुकला-माकला असात तर पदरात घे. मान ह्याच घरात ऱ्हवाचो असात तर उजवो कौल दी." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." पाकळी हलली नाही. पुन्हा गाऱ्हाणं झालं. उजवी नाही, डावी नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. जयराम खांबाला टेकून उभा होता. आता बोल, आता बोल, असं तो स्वतःला सांगत होता आणि तोंड काही उघडत नव्हतं.

तेवढ्यात सुमंगला पुढे झाली.

"माझी चूक झाली," ती देवीकडे बघून म्हणाली. "गुळाची एक पुरचुंडी घराकडेच ऱ्हवली. नैवेद्याचा पान उचलल्यार माका याद झाली. मान जायत ह्या भियान मी गप्प ऱ्हवलंय. मणगणां फिका होवक व्हया होता." मग ती लोकांकडे वळली. "तुमी सगळे जेवलात. फिका होता?"

"नाय," कुणीतरी म्हणालं. "उलट गोड होता."

"मगे ता कोणी गोड केल्यान?"

भटजींनी हात जोडले, मग बाबाजींनी, मग सगळ्यांनीच. आणि उजवीकडची पाकळी पडली. ढोल वाजू लागले. ती भर सभेत आपली चूक सांगत होती तेव्हा जयरामला बोलता आलं असतं. आता ह्या ढोलात त्याचं ऐकणार कोण, अशी त्यानं मनाची समजूत घातली. म्हातारी रडत होती आणि हसत होती, आणि आपला दुखरा हात चुकूनमाकून वर जातो की काय म्हणून उचलून बघत होती.

गोष्ट पेडणे तालुकाभर झाली. मोरजीहून माणसं आली सुमंगलेच्या पाया पडायला. तिनं कुणाला पडू दिलं नाही, पण प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि सांगताना दर वेळी जयरामला साक्षीला बोलवलं. "हो ढवळत होतो. इचारा ह्याका." जयराम मान हलवी. जहाजावर चवीबाबत त्यानं कधी कुणाची भीड धरली नव्हती, आणि इथं आईच्या शेजारी बसून रोज खोटं खात होता. रात्री जेवण जाईना. आईला वाटे, जायचे दिवस जवळ आले म्हणून पोराचं मन लागत नाही.

मग एका सकाळी बाबाजी आले, फार आनंदात.

"वयनी, आमी ठरवलंव. फुडल्या वरसा मणगण्यात गूळच घालूचो नाय. देवी घालता ता बघूक डिचोलीपासून लोक येतले."

"एक खडोसुद्धा घालूचंय नाय," सुमंगला म्हणाली. तिच्या तोंडावर असं काही तेज होतं की जयरामला तिच्याकडे बघणं जड गेलं.

पुढल्या वर्षी तो समुद्रावर असणार होता. भरल्या देवळात पंगत बसेल, पानात बिनगुळाची डाळ पडेल, आणि सगळी वाडी हिच्याकडे बघेल. बाबाजी फाटकाबाहेर पडताच तो आईसमोर जमिनीवर बसला.

"आये, गूळ मी घातलंय."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं, तळहातासकट.

"गिळलंस?" तिनं विचारलं.

"होय."

"देवीच्या आधी?"

"होय. सवय गे, आये. हात आपसूक गेलो. तू सगळ्यांसमोर बोललंस तेवाही मी गप्प ऱ्हवलंय."

ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं नजर दाराबाहेर वळवली. "माका वाटला देवीन माझा केलेला बघितल्यान," ती म्हणाली. "इतक्या वरसांचा." लुगड्याचा पदर सारखा केला, चपला पायात घातल्या आणि देवळाच्या वाटेला लागली. तो मागोमाग गेला.

बाबाजी देवळाच्या ओट्यावर भटजींशी पुढल्या वर्षीच्या मांडवाचं बोलत होते. सुमंगला पायरीवरच उभी राहिली.

"बाबाजीनू, मान त्या केटररक द्या."

बाबाजी उठलेच. "वयनी, देवीन उजवो कौल दिल्यान आणि तू सोडतंस? काय झाला काय?"

"खांदो मेलो बरो होवचो नाय."

"अगे, पण देवी असा ना पाठीशी."

"बाबाजीनू, मी..." जयराम पुढे झाला.

"तू गप ऱ्हव," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. आणि मग बाबाजींना, अगदी रोजच्या आवाजात, "त्या केटररक गूळ पुरो घालूक सांगा. देवीन एकदा घातल्यान ता पुरे. दर वरसा तिका त्रास कित्याक?"

बाबाजींनी हात जोडले. केवढं मन म्हातारीचं, असं भटजी पुटपुटले. सुमंगला तिथून देवीला नमस्कार करून वळली. पायऱ्या उतरताना जयरामनं हात पुढे केला. तिनं तो धरला, कारण खांदा खरंच दुखत होता. घर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही, आणि वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.