खुंटा उपटल्यावर

मशीनवाला जिथे भोकं पाडत होता, त्याच्या बरोबर खाली हे होते. आमच्या खाणीतली कथलाची शीर तिरकी जाते, आणि माझा नवरा एकदा शिरेमागे लागला की त्याला ना भूक आठवते ना बायको.

"दादा, आज सुरुंग लावू नका," मी म्हटलं.

"का हो ताई?"

खरं कारण सांगायची सोय नव्हती.

मामंजींच्या काळात खाणीचा हक्क म्हणजे चार लोखंडी खुंटे. वर्षातून एकदा खाणखात्याचा साहेब पायी यायचा, चारही खुंट्यांना हात लावायचा, आमच्याकडे चहा प्यायचा, की झाला हक्क चालू. खुंट्यांच्या आत शीर सापडली तर ती जमिनीखाली जाईल तिथवर तुमची, मग शेजाऱ्याच्या हद्दीत का जाईना. पुढे कॉम्प्युटर आला आणि अख्खी टेकडी गणिताच्या वहीसारखी चौकोनांत आखली गेली. आता चौकोनाखालचं सरळ पाताळापर्यंत तुमचं, पण शिरेमागे कड ओलांडलीत की चोरी. खाणीचा पट्टा रद्द, आणि आमचं तर घरही पट्ट्यावरच. हे म्हणायचे, "पाताळात कोण येतंय बघायला?" शेजारचा चौकोन कुणीतरी दूरच्या शहरात बसून घेतला, आणि आज त्याच्याच मशीनवाल्याने तिथे भोकं पाडायला घेतली होती.

"थोडं थांबा तरी," मी म्हटलं.

"सुरुंगाची वेळ खाणखात्याच्या ऑफिसातून मिळते. ती चुकली की बसा महिनाभर माश्या मारत." त्याने मशीन पुन्हा सुरू केलं.

बोगद्याचं तोंड टेकडीच्या पलीकडे. तिथवर धावायचं, मग आत रांगायचं. तोवर सगळं संपलं असतं.

एवढ्यात आमच्या घरातून आवाज आला. ठण, ठण, ठण. पूर्वी खाली कुणी असलं की वरून खुंट्यावर तीन ठोके मारायचे, म्हणजे बाहेर या. खालचा माणूस दोन ठोके देऊन उत्तर द्यायचा. खुंटा खडकात खोल ठोकलेला, त्यामुळे आवाज थेट आत पोचे. नव्या कायद्यात खुंटे लागत नाहीत म्हटल्यावर यांनीच ते उपटले आणि स्वयंपाकघराच्या पत्र्याला टेकू म्हणून लावले. मामंजी आता त्याच टेकूवर हातोडा हाणत होते. भीतीपोटी म्हाताऱ्याला विसर पडला होता, की त्या खुंट्याखाली आता नुसती फरशी आहे. एरवी मी पोट धरून हसले असते. आता मी मशीनवाल्याकडे वळले.

"खाली माझा नवरा आहे," मी ओरडले.

मशीन थांबलं. मशीनवाल्याने मला फोनवरचा नकाशा दाखवला. हिरवा चौकोन, आत काही नाही. "इथे तर कुणीच नाही, ताई."

"फोनात नसेल. खाली आहे."

त्याने ऑफिसला फोन लावला. पलीकडचा साहेब शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचा नवरा दुसऱ्याच्या हद्दीत खोदतोय, असं तुम्ही सांगताय का? बोलणं रेकॉर्ड होतंय."

डोळ्यांसमोर घर आलं, मामंजी आले.

"हो," मी म्हणाले. "सांगतेय."

"नोंद झाली. काम थांबवा."

मशीनवाल्याचा तरीही विश्वास नव्हता. मशीनची सळई शेवटच्या भोकात तशीच उभी होती. सुरुंगाच्या दारूची पेटी अजून त्याच्या गाडीतच होती. मी त्याचा हातोडा उचलला, सळईवर तीन ठोके मारले आणि खडकाला कान लावला. काहीच नाही. पुन्हा तीन. माझंच काळीज धडधडत होतं, दुसरं काही ऐकू येईना. उशीर झाला असेल, याच्या मशीनने आधीच छत खाली आणलं असेल, असं वाटून मला रडू फुटलं.

मग खालून, अगदी जवळून, दोन ठोके आले.

मशीनवाला मटकन खाली बसला. "पायाखालीच की हो," तो म्हणाला.

बऱ्याच वेळाने टेकडीला वळसा घालून हे आले. अंगभर धूळ, दात तेवढे पांढरे, हातात मुठीएवढा काळा दगड.

"अगं, शीर रुंद झाली. दोन्ही हात पसरले तरी मावत नाही. तीन पिढ्या बसून खातील. आणि तू नेमकं आत्ताच बोलावलंस?"

मामंजी हातोडा घेऊन दारात उभे होते. मशीनवाला कुणाकडे न बघता सामान आवरत होता. सुरुंगाची भीती गेली होती. आता मला त्या नोंदीचं यांना सांगायची भीती वाटत होती.

यांनी दगड माझ्या हातात दिला. चांगला जड होता.

"आधी बसा," मी म्हणाले. "पाणी प्या."