रेघेपर्यंत

…आणि ती लाल रेघ. प्लास्टिकच्या मापाच्या भांड्यावर सुनेच्या नेलपॉलिशने ओढलेली, चष्म्याशिवायही दिसावी अशी ठसठशीत. आणि कालपासूनची सगळी लघवी तिच्या खाली, बरीच खाली, कोऱ्या चहासारखी गडद. बाथरूममधल्या स्टुलावर बसून इंदुबाई रेघेकडे चिडून बघत होत्या. या वयात हे मोजत बसायचं! सोडाल्याच्या त्या डॉक्टरने नावं तर अशी सांगितली, जणू बारशाला सुचवतोय — "कम हुआ तो ऑलिग्युरिया, माताजी, ज़्यादा हुआ तो पॉलियुरिया, बंद ही हो गया तो एन्युरिया." मूत्रपिंडाला रक्त कमी पोचत असेल, नाहीतर मूत्रपिंडच बिघडलं असेल, नाहीतर पुढे वाट अडली असेल… पाणी पीत राहा, आणि आज रेघ गाठली नाही तर दवाखान्यात भरती. भरती. आमचे हे, वसंतराव, असेच भरती झाले होते, दोन दिवसांत येतो म्हणून…

"आजी, झालं का? मतलब, पापा गाडी काढतायत!" दाराबाहेरून नात, ज्ञानदा.

"होईल तेव्हा होईल! मी काय नळ आहे, फिरवला की सुरू?"

नळ समोरच होता. धार सोडली की रेघ गाठली, कोणाला कळतंय — हात तिथवर गेलाही, आणि तिथेच थांबला. काल संध्याकाळपासून आपण पाणी प्यायलो कुठे? सकाळचा चहासुद्धा अर्धा ठेवला. का, तर आज बाहेर जायचं आहे. यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर आई दटावायची, "घोट घेऊ नकोस, वाटेत सोय नाही." पुढे वसंतरावांच्या विमा कंपनीतल्या बदल्या, दर बदलीचा तो प्रवास, कोरडे ओठ, आणि पोटाशी पर्स आवळून मी स्वतःलाच बजावतेय — थांब, गाव येऊ दे… आणि हे मानसरोवर ते सोडाला, शहरातल्या शहरात, घरच्या गाडीतून, दवाखान्यात तर चांगलं पांढरंशुभ्र बाथरूम आहे!

"ज्ञानदा, तांब्याभर पाणी आण. आणि पापाला म्हणावं, गाडी बंद कर."

"पण आजी, अपॉइंटमेंट…"

"आण म्हटलं ना!"

त्या घटाघट प्यायल्या. पदर भिजला. मग भांडं मांडीवर घेऊन वाट बघत बसल्या. राग कोणावर काढावा कळेना. डॉक्टरवरचा केव्हाच विरला होता, आईवर काढवेना… आणि या शरीरावर? ते बिचारं अजून थांबलंच होतं, सांगितल्यासारखं. गाव आलं, हे त्याला आता कसं पटवायचं?