गाठमोडे महाराजांचा पुरावा

सिद्धगडच्या वाटेवरच्या मांडवात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मुरबाडहून जीप भरभरून बाया येत होत्या. गाठमोडे महाराजांनी माइक फुंकला आणि सोनोग्राफीचे दोन फोटो उंच धरले.

"ही हौसाची गाठ, लिंबाएवढी! आन् ही भस्म खाल्ल्यावर, वाटाण्याएवढी! गोळ्या हिनं माझ्यासमोर नदीत टाकल्या. बोला, डॉक्टर मोठा का भस्म?"

"भस्म!" मांडव ओरडला. बाया पुढे बसलेल्या हौसाच्या पाया पडू लागल्या.

मागे उभं राहून हे ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुरबाडात माझं औषधांचं दुकान आहे. हौसाला पिवळ्या गोळ्या दर महिन्याला मीच देतो, परवाही दिल्या होत्या. पण पेशंटची गोष्ट चारचौघांत बोलायचा मला हक्क नाही, म्हणून गप्प बसलो.

हौसाची शेजारीण जया माझ्याजवळच उभी होती. तिच्याही पोटात गाठ. सोमवारी कल्याणला ऑपरेशन ठरलेलं. "आता नाय जात मी," ती म्हणाली. "हौसाची जिरली, माझी बी जिरंल."

आता मात्र मी घाबरलो. हौसाला मांडवामागे बोलावून विचारलं, "ताई, गोळ्या खरंच टाकल्यास?"

"नुसती रिकामी पाकिटं टाकली," ती पुटपुटली. "सासू म्हनते भस्म खा, डॉक्टर म्हनतो गोळी खा. मी दोनी खाल्लं. गुण कशाचा, मला काय ठावं?"

"गोळीचा. तुझी गाठ लाखात एखादीला होते तसली. गर्भपिशवी काढली तरी तुकडा उरला. तो तपासला तेव्हा कळलं, शरीरातलं एक हार्मोन हे तिचं जेवण, आणि ते रांधणारं एन्झाइम गाठीतच बसलेलं. गोळी त्या एन्झाइमला अडवते. चूल विझली, गाठ उपाशी पडली. भस्म म्हणजे गोवरीची राख."

"आन् जयाची गाठ?"

"निराळी. तिनेच मला तिचे कागद दाखवलेत. तिला तुझी गोळीसुद्धा लागू पडणार नाही, मग राख काय करणार? तिला ऑपरेशनच हवं."

हौसाला रडू फुटलं. "लोकं पाया पडतात, दादा. खरं सांगितलं तर थुंकतील."

"नाही सांगितलंस तर जया जिवानिशी जाईल." मी कठोर बोललो, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

ती मांडवात परतली. महाराजांनी माइक तिच्या तोंडाशी धरला. "सांग माय, गाठ कशानं गेली?"

हौसाने पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत पिवळ्या गोळ्या होत्या. "नदीत रिकामी पाकिटं गेली, महाराज. गोळ्या ह्या. रोज खाते."

बाया माना उंचावून बघू लागल्या. महाराज मात्र गडी तयारीचा. "बघा, बघा! माझ्या भस्मानंच गोळीला ताकद आली!"

"मग गोळ्या टाकायला का लावता?" जयाने विचारलं.

नेमका तेव्हाच महाराजांचा माइक बिघडला. जया सोमवारी कल्याणला जाणार होती, एवढं तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

मला हसू येत होतं, तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. "माझ्या लेकीची पाकिटं भरलेली होती गो," ती हौसाला म्हणाली. "आमी खऱ्याच टाकल्या. आता ती उठत नाय."

मला अजून तो आवाज ऐकू येतो. म्हणून हात जोडून सांगतो: नमस्कार हवा त्याला करा, पण गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि अमकीची गाठ भस्माने जिरली असं कानावर आलं, तर पाया पडण्याआधी तिला एकच विचारा, "बाई, भस्माबरोबर आणखी काय खात होतीस?"