जयवंताबाईंवरचा आळ

“मले त्या डब्यापाशी बोलावू नको, पोरी. माह्या हातानंच बिघडला तो, पत्ते खेळू खेळू.”

ज्वारी निवडता निवडता जयवंताबाईंनी तोंड फिरवलं. विनोदिनी दारातच थबकली. जैनथ गावाहून आदिलाबादजवळच्या मावल्याला लेकाकडे राहायला आलेल्या तिच्या सासूबाई दुपारी घरात कोणी नसलं की संगणकावर पत्ते खेळतात, हे तिला आज कळलं. मशीन मधेच गोठायला लागल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष का नव्हतं, तेही.

“आत्याबाई, पत्ते खेळून कुठं मशीन बिघडते का?”

“मंग काऊन बंद पडून राह्यली? केशव तं ती इकून टाकाचं म्हणते.”

विनोदिनी आदिलाबादला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची. घरचं मशीन तिनं कितीदा तरी तपासलं होतं. दर वेळी एकच उत्तर: व्हायरस नाही. आज मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. मशीन सुरू होताना व्हायरसच सगळ्यांच्या आधी जागा होत असेल, तर तपासणाऱ्या प्रोग्रामलाही तोच थापा मारणार!

“आत्याबाई, आपण चोरालेच इचारून राह्यलो, घरात चोर हाय का म्हणून!”

दुसऱ्या दिवशी तिनं क्लासमधून एक स्वच्छ फ्लॉपी आणली, वर काही लिहिता येऊ नये म्हणून खिटी सरकवलेली. मशीन बंद करून ते त्या फ्लॉपीवरूनच सुरू केलं. आतला चोर झोपेतच राहिला आणि झोपेतच सापडला. डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात दडून बसला होता. विनोदिनीनं त्याला पुसून काढलं. मग घरातल्या साऱ्या फ्लॉप्या तपासल्या. एकीत त्याचा भाऊबंद निघाला. ती केशवरावांनी ऑफिसातून आणलेली होती.

संध्याकाळी केशवराव घरात शिरतात तो जयवंताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

“चोर तुह्या खिशातून आला रे, केशव! अन् मी इकडं डोयातून पाणी काढून राह्यली!”

“आई, तू पत्ते खेळतं? मशीनवर?” केशवराव बघतच राहिले. मग ओशाळून हसत सुटले. “चुकलं माय. नाही इकत आता.”

जयवंताबाईंनी पदर खोचला, खुर्ची ओढली आणि माऊस हातात घेतला. डाव रंगला. मशीन एकदाही गोठलं नाही. शेवटी पत्ते अडले, पुढची चालच उरली नाही.

“हरली, आई,” केशवराव म्हणाले.

“हरली ना? हो, मीच हरली, मशीन नाही बंद पडली,” जयवंताबाई खुशीत म्हणाल्या आणि त्यांनी नवा डाव मांडला.

केशवराव खुर्चीमागं आपली पाळी यायची वाट पाहत उभे राहिले.